विवाहपूर्व करार: लग्नाआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलेली जोडपी कराराचा मसुदा घेऊन माझ्यासमोर बसतात, तेव्हा बहुतेकदा तारीख अगदी तोंडावर आलेली असते. निमंत्रणं गेलेली असतात, पाहुणे निघालेले असतात आणि मसुदा आदल्या रात्री हातात पडलेला असतो. त्या वेळी शांतपणे काही समजून घेणं अवघड जातं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. लग्नाला अजून अवकाश आहे तोवरच ते वाचा, ही विनंती.

विवाहपूर्व करार म्हणजे नेमकं काय?

दोघांनी लग्नाआधी पैशाची आणि मालमत्तेची व्यवस्था लेखी ठरवून त्याखाली केलेली सही. लग्नाआधी कोणाचं काय होतं, लग्नानंतर जे मिळेल ते कोणाचं, कर्जाची जबाबदारी कोणावर, आणि संसार मोडला किंवा दोघांपैकी एक गेला तर काय, एवढे चार मुद्दे त्यात असतात. बोलताना लोक त्याला प्रीनप म्हणतात. करार लग्नाआधी होतो, पण लागू होतो लग्न लागल्यावरच. ठरलेलं लग्न लागलंच नाही, तर करारही आपोआप गळून पडतो.

हे श्रीमंतांचं काम आहे ना? आमच्याकडे आहेच काय?

जमीनजुमला नसेल, पण बाकी काय आहे ते पाहा. शैक्षणिक कर्ज आहे? आईवडिलांच्या नावावरचं घर पुढे तुमच्याकडे येणार आहे? भावाबरोबर धंद्यात भागीदारी आहे? आधीच्या लग्नातलं मूल आहे? यातल्या एकाचं उत्तर ‘हो’ आलं, तरी बोलण्यासारखं काहीतरी आहे. दुसरं लग्न करणाऱ्यांना तर मी हा विषय टाळू नका असंच सांगते. तिथे पहिल्या संसारातल्या मुलांचा हक्क गुंतलेला असतो, आणि ती मुलं या बोलण्यात हजर नसतात.

दोघंही नुकतीच कमावायला लागली असतील, ना कर्ज ना मालमत्ता, तर करार नसला तरी फार बिघडत नाही.

करार मागणं म्हणजे विश्वास नसणं का?

हा प्रश्न विचारताना अनेकांचा आवाज खाली येतो, म्हणून नीट उत्तर देते. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर पॅपिरसवर लिहिलेले विवाहाचे करार सापडले आहेत. त्यातला एक इ.स.पू. 449 चा आहे. नवरीने सोबत काय आणलं त्याची यादी त्यात आहे: लोकरीचं वस्त्र, आरसा, चपलांचा जोड. दोघांपैकी कोणीही वेगळं व्हायचं म्हटलं तर काय होईल, हेही त्यात लिहून ठेवलं आहे. आरसा कोणाचा हे लिहिलं म्हणून त्यांच्यात माया नव्हती, असं मला कधी वाटलं नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. करार कधी कधी दाब टाकायलाच पुढे केला जातो. विश्वासाला तडा जातो तो अशा वेळी. मसुदा कोणी, केव्हा आणि कशा शब्दांत पुढे ठेवला यावरून दोन्हींतला फरक लगेच कळतो.

करार केलाच नाही तर कोणते नियम लागतात?

तुमच्या देशाचा कायदा जे सांगतो ते. आणि हे नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की ऐकीव माहितीवर विसंबू नये. फ्रान्समध्ये करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, पण लग्नाआधीचं आणि वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. जर्मनीत संसार चालू असताना मालमत्ता वेगवेगळीच राहते. लग्न संपताना मात्र त्या काळात कोणाची संपत्ती किती वाढली याचा हिशेब होतो आणि वाढीतला फरक अर्धा-अर्धा केला जातो. दक्षिण आफ्रिकेत करार नसेल तर आधीचं-नंतरचं, जमा आणि कर्ज, सगळं जवळपास एकाच राशीत जातं. नेदरलँड्समध्येही पूर्वी असंच होतं. 2018 पासून होणाऱ्या लग्नांसाठी त्यांनी नियम बदलला आणि लग्नाआधीचं वेगळं ठेवलं. इंग्लंडमध्ये ठरलेलं सूत्र नाही, न्यायाधीश परिस्थिती बघून न्याय्य वाटेल तशी वाटणी करतात.

म्हणून कराराचा मसुदा उघडण्याआधी एकच गोष्ट करा. करार नसता तर आपल्याला कोणता नियम लागला असता, ते वकिलाकडून लिहून घ्या. तो नियम दोघांना पटला, तर बहुधा करार लागणारच नाही.

भारतात असा करार चालतो का?

प्रीनपला थेट मान्यता देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 23 सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध जाणारा करार रद्द ठरवतं, आणि लग्नासंबंधीचे करार याच दगडाला अडतात. 1901 साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की मी कायम सासूच्या घरी राहीन आणि तिच्या सांगण्याबाहेर जाणार नाही. न्यायालयाने तो करार मानला नाही. वेगळं कधी व्हायचं, कुठे राहायचं, नांदायचं की नाही, असली कलमं भारतात टिकतील असं धरून चालू नका.

गोव्याचं वेगळं आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आहे. करार नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक धरली जाते, आणि वेगळी व्यवस्था हवी असेल तर लग्नाआधी नोंदणीकृत दस्त करून ती ठरवता येते. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात, विवाहापूर्वी किंवा नंतर केलेल्या मालमत्तेच्या व्यवस्थेबाबत आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मुस्लिम विवाह मुळातच करार असल्याने निकाहनाम्यात मेहर आणि इतर अटी लिहिता येतात.

बाकीच्यांनी कागद करूच नये का? मी करायला सांगते, पण तो काय करू शकतो आणि काय नाही हे समजून. लग्नाच्या दिवशी कोणाच्या नावावर काय होतं, स्त्रीधनात काय काय आलं, कोणाचं कर्ज किती होतं, याची तारखेसह सही केलेली यादी पुढे फार उपयोगी पडते. न्यायाधीशांचे हात ती बांधत नाही, पण ‘हे माझं होतं’ हे सिद्ध करायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं. एक सावधगिरी मात्र पाळा: लग्नासाठी देण्याघेण्याची अट त्या कागदात शिरू देऊ नका. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याचा करार रद्दबातल तर ठरतोच, शिवाय हुंडा देणं, घेणं आणि मागणं हा गुन्हाही आहे.

करारात काय काय लिहावं?

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवते, कारण भांडणं ‘काय’वरून कमी आणि ‘किती’वरून जास्त होतात. घराचंच घ्या. एकाने लग्नाआधी कर्ज काढून घर घेतलं. लग्नानंतर हप्ते दोघांच्या पगारातून गेले. चौथ्या वर्षी दुसऱ्याने स्वतःच्या बचतीतून घराचं नूतनीकरण केलं. दहा वर्षांनी घराची किंमत अडीचपट झाली. आता ते घर कोणाचं? ‘ज्याच्या नावावर त्याचं’ असं करारात लिहिलं असेल, तर हप्ते भरणारा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडतो. ‘अर्धं-अर्धं’ लिहिलं असेल, तर लग्नाआधी भरलेली सगळी रक्कम बुडाली असं मालकाला वाटतं.

माझ्या समोरच्या एका जोडप्याने बरंच भांडून शेवटी असं लिहिलं: ‘घर पहिल्या पक्षाच्या नावावर राहील. लग्नाच्या तारखेनंतर फिटलेल्या मुद्दलाच्या प्रमाणात घराच्या त्या वेळच्या किमतीतला भाग दोघांचा समान धरला जाईल. व्याज धरले जाणार नाही. दुरुस्तीसाठी कोणी स्वतंत्र पैसे घातल्यास तेवढी मूळ रक्कम त्याला आधी परत मिळेल. किंमत दोघांना मान्य असलेला मूल्यांकनकार ठरवील.’ पाच वाक्यं. पण ती लिहिताना मुद्दल आणि व्याज वेगळं का धरायचं, यावर ते तासभर बोलत होते, आणि तो तास वाया गेला असं त्या दोघांपैकी कोणीही म्हणणार नाही.

वारशाने आलेल्या पैशाचं असंच. तो वेगळ्या खात्यात राहिला तर ओळखता येतो. संयुक्त खात्यात जाऊन घरखर्चात मिसळला की कोणता पैसा कुठला हे पुढे सांगता येत नाही. करारात कितीही स्पष्ट लिहिलं असलं तरी रोजचा व्यवहार त्याच्या उलट चालला, तर वाद उभा राहतोच. धंदा असेल तर धंद्याची आजची किंमत, आणि जोडीदाराने तिथे पगार न घेता काम केलं तर त्याचं काय, हे लिहा. शेवटचा मुद्दा जवळजवळ प्रत्येकजण विसरतो.

आणि घर सांभाळण्यासाठी, मुलांसाठी कोणी नोकरी सोडली तर? हे आधी लिहिलेलं असेल तर नंतर कोणाला हात पसरावे लागत नाहीत. प्रत्येक वर्षामागे ठरावीक भाग बाजूला टाकणं, निवृत्तीच्या बचतीत त्याच्या किंवा तिच्या नावे भर घालणं, असे मार्ग आहेत. माझ्या मते हे कलम नसलेला करार अपुरा आहे.

काय लिहिता येत नाही?

मुलांचा ताबा आणि त्यांच्या पालनपोषणाचा खर्च. जे मूल अजून जन्मलं नाही, त्याचं हित काय हे आईवडील आगाऊ ठरवू शकत नाहीत; वेळ येईल तेव्हा न्यायालय मुलाकडे पाहून निर्णय घेतं. बेकायदा गोष्टी, घटस्फोट घेतल्याबद्दल बक्षीस ठरेल अशी रचना, हेही टिकत नाही. विश्वासघात केला तर इतका दंड, असली कलमं लोकांना फार हवी असतात. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने 2002 मध्ये असं कलम अमान्य केलं, कारण तिथला घटस्फोटाचा कायदा दोष कोणाचा हे पाहतच नाही. वजन, सुट्ट्या, घरकाम यांबद्दलच्या अटी करारात घालू नका. त्या बोला, वाटल्यास वहीत लिहा. करारात अशा अटींमुळे बाकीच्या गंभीर कलमांचं वजन कमी होतं.

एकच वकील दोघांना चालेल का?

नाही. पैसे वाचतात हे खरं, पण ज्या दिवशी वाद होतो त्या दिवशी ‘मला माझ्या बाजूने कोणी समजावून सांगितलंच नाही’ हे पहिलं वाक्य असतं. ज्या देशांत नोटरी हा तटस्थ कायदेतज्ज्ञ असतो, जसं फ्रान्स किंवा जर्मनी, तिथे करार त्याच्यासमोरच करावा लागतो. तरीसुद्धा आपला स्वतःचा सल्ला आधी घेऊन मग तिथे जावं.

सुरुवात कधी करावी?

सहा महिने आधी बोलणं, आणि लग्नाच्या किमान महिनाभर आधी सही. हे मी उगाच सांगत नाही. इंग्लंडच्या कायदा आयोगाने 2014 च्या अहवालात सही आणि लग्न यांच्यात निदान 28 दिवस असावेत असं सुचवलं होतं.

घाईचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बेसबॉलपटू बॅरी बाँड्स यांच्या पत्नीने 1988 मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी सही केली, तिच्याकडे वकील नव्हता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तो करार वैध धरला. त्यानंतर तिथल्या विधिमंडळाने कायदाच कडक केला: मसुदा हातात आल्यापासून सहीपर्यंत किमान सात दिवस जायला हवेत, हा नियम तेव्हाचा.

दुसरा ऑस्ट्रेलियाचा, 2017 चा, ‘थॉर्न विरुद्ध केनेडी’. ही नावं न्यायालयाने दिलेली टोपणनावं. वधू दुसऱ्या देशातून आलेली, वर श्रीमंत बांधकाम व्यावसायिक. लग्नाला चार दिवस उरलेले, तिचे नातेवाईक येऊन पोहोचलेले, आणि सही केली नाहीस तर लग्न नाही असं तिला सांगितलेलं. तिच्या स्वतंत्र वकिलाने सही करू नकोस असा स्पष्ट सल्ला दिला होता. तिने सही केली. दहा वर्षांनी तिथल्या उच्चतम न्यायालयाने करार रद्द केला, कारण त्या परिस्थितीत तिच्यापुढे खरा पर्यायच नव्हता. वकील दिला म्हणजे दाब नव्हता असं होत नाही, हे या निकालाने ठळक केलं. सही घेणाऱ्यानेही तो वाचावा. घाईने मिळवलेली सही त्यालाच शेवटी वाचवत नाही.

सगळी मालमत्ता खरंच उघड करायची?

हो. कर्जंसुद्धा. कराराच्या मागे दोघांची दोन परिशिष्टं जोडतात, त्यात खाती, ठेवी, शेअर, जमीन, दागिने, येणी-देणी येतात. परिशिष्टातून महत्त्वाचं काही लपवलं असेल, तर बऱ्याच ठिकाणी सगळा करारच धोक्यात येतो.

एकदा एक तरुण माझ्यासमोर यादी वाचून दाखवत होता. संपल्यावर त्याच्या होणाऱ्या बायकोने फक्त विचारलं, ‘अजून काही?’ तो गप्प. मग म्हणाला, मोठ्या भावाच्या कर्जाला मी जामीन आहे. हप्ते भाऊ भरतो, म्हणून धरलं नाही. ती म्हणाली, ‘भाऊ भरायचा थांबला तर कोण भरेल?’ आम्ही परिशिष्टात एक नवी ओळ घातली. त्या ओळीमुळे लग्न मोडलं नाही, पण कळायचं होतं ते आधी कळलं. जामीनकी, आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी दर महिन्याला जाणारे पैसे, मित्राला दिलेली उसनवारी: यादी करताना हे तीन शब्द कागदाच्या वर लिहून ठेवा.

कर्जाबद्दल आणखी एक. ‘ते कर्ज तुझं’ असं करारात लिहिल्याने सावकार किंवा बँक बांधली जात नाही. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर बँक दोघांनाही विचारणार. करार फक्त तुम्हा दोघांमधला हिशेब ठरवतो.

पोटगीचा हक्क सोडून दिला तर?

लिहिता येतं, टिकेलच असं नाही. इंग्लंडमध्ये 1929 पासून हे तत्त्व पक्कं आहे की पोटगीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क पत्नी कराराने गमावत नाही. कॅलिफोर्नियात, हक्क सोडणाऱ्या व्यक्तीला सही करताना स्वतःचा वकील नसेल तर ते कलम लागूच होत नाही. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने 2001 साली एका गरोदर स्त्रीने लग्नाआधी सही केलेल्या एकतर्फी कराराबद्दल सांगितलं की दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतील, तर न्यायालयाने मजकूर तपासलाच पाहिजे. मी स्वतः हे कलम लिहायला नकार देत नाही, पण सही करणाऱ्याला एक प्रश्न विचारते: आजारी पडलात आणि काम करता आलं नाही, तर कशावर जगाल? उत्तर नसेल तर कलम बदलतो.

परदेशी स्थायिक झालो तर करार सोबत येतो का?

आपोआप येत नाही. ‘रॅडमाकर विरुद्ध ग्रॅनाटिनो’ हे प्रकरण याचंच. जर्मन वधू, फ्रेंच वर, करार जर्मनीत 1998 मध्ये, राहणं लंडनला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं की मोकळेपणाने आणि परिणाम समजून केलेल्या कराराला, तो अन्यायकारक ठरत नसेल तर, न्यायालयाने मान द्यावा. तोवर तिथे अशा करारांना फारशी किंमत नव्हती. दोन देशांशी संबंध असेल तर दोन्हीकडच्या वकिलांना मसुदा दाखवा आणि कोणता कायदा लागू, हे करारात लिहा.

लग्नानंतर बदलता येतो?

बहुतेक ठिकाणी दोघांच्या संमतीने, पुन्हा लेखी. गोव्यात मात्र लग्नानंतर बदल करता येत नाही. मूल झालं, नोकरी सुटली, वारसा आला, देश बदलला, की करार काढून वाचावा. काही जोडपी ठरावीक वर्षांनी करार आपोआप संपेल असंही लिहितात.

करार असेल तर मृत्युपत्र नको का?

दोन्ही हवीत, आणि दोन्ही एकमेकांशी जुळायला हवीत. विमा आणि निवृत्तीच्या खात्यांवरची नामनिर्देशनं वेगळी तपासा. अमेरिकेत काही निवृत्ती योजनांवरचा हक्क फक्त पती किंवा पत्नीच सोडू शकते. लग्नाआधी, वाग्दत्त असताना केलेली सही तिथे पुरत नाही.

इंटरनेटवरचा नमुना वापरला तर?

काय बोलायचं याची यादी म्हणून वापरा. सही करण्यासाठी नको.

जोडीदाराकडे विषय कसा काढू?

मसुदा देऊन अजिबात नको. आधी स्वतःची यादी करा आणि ती दाखवा, कर्जासकट. ‘तुझं काय आहे’ हे विचारण्याआधी ‘माझं हे आहे’ असं म्हटलं की समोरच्याचे खांदे सैल पडतात, हे मी खूपदा पाहिलंय. कशाची भीती वाटते तेही सांगा. आईवडिलांना घटस्फोटात घर गमावताना पाहिलं असेल, तर ते सांगा. आईवडिलांचा आग्रह असेल तर तोही लपवू नका. पण बोलणी त्यांच्यामार्फत करू नका.

समोरून आलेला मसुदा मला अन्यायकारक वाटतोय. काय करू?

त्याच दिवशी सही करू नका, ‘नाही’ही म्हणू नका. मसुद्याची प्रत घरी न्या. स्वतःचा वकील गाठा. जे कलम खुपतंय त्याच्यासमोर समासात साध्या भाषेत लिहा: हे मला चालणार नाही, कारण अमुक, याऐवजी मला तमुक हवं. मग दोघांनीच बसा, वकील आणि नातेवाईक बाहेर ठेवून, आणि समासातलं मोठ्याने वाचा. ऐकताना समोरची व्यक्ती कलमांकडे पाहते की तुमच्याकडे, ते पाहा. वेळ मागितल्यावर वेळ मिळाला तर पुढचं काम वकिलांचं आहे आणि ते होतं. वेळच नाकारला गेला, तर तारीख पुढे ढकला. पत्रिका पुन्हा छापता येतात.